एक संगणक, पाच जण : ई-मेलची किल्ली कोणाकडे?

अक्कलकोट रोडच्या एम.आय.डी.सी.मधील एखाद्या लहान टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात डोकावून पाहा. एक टेबल आणि त्यावर एक संगणक. सकाळी शेठ स्वतः बसतात, दुपारी मुनीमजी, मध्येच भाचा येऊन गिऱ्हाइकाला डिझाइनचे फोटो पाठवतो आणि संध्याकाळी हिशेब लिहिणारा मुलगा टॅली उघडतो. ई-मेलचे खाते मात्र सकाळी एकदा उघडले की शटर पडेपर्यंत उघडेच. विजापूर वेशीतील दुकानांतही याहून वेगळे चित्र नाही. तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हातात न देणारे आपले व्यापारी बांधव या बाबतीत अगदी बेफिकीर आहेत.

त्या खात्यात काय असते? मुंबईच्या किंवा आखातातल्या गिऱ्हाइकाला दिलेला भाव, कोणाकडे किती येणे आहे, बँकेचे स्टेटमेंट, पॅन कार्डाची आणि रद्द केलेल्या चेकची प्रत. टॉवेलच्या धंद्यात डझनामागे चार-दोन रुपयांवर ऑर्डर इकडची तिकडे होते. मग भाव फुटला कसा, म्हणून आपण दलालावर संशय घेत बसतो.

याहून मोठा धोका पैशाचा आहे. उघड्या खात्यातून कोणी पत्रव्यवहार वाचला, तर कोणत्या गिऱ्हाइकाचे पैसे कधी येणार हे त्याला कळते. नेमक्या त्या वेळी, आपल्यासारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून (नावात एखादेच अक्षर बदललेले) गिऱ्हाइकाला ई-मेल जातो की आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम या नव्या खात्यात भरा. गिऱ्हाईक इमानदारीने पैसे भरते, आपण वाट पाहत राहतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावे की बँक खाते बदलल्याचा निरोप फोनवर आमचा आवाज ऐकल्याशिवाय खरा मानू नका.

आता खाते मुळात कोणाच्या नावावर आहे ते पाहू. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. नोंदणीच्या धावपळीत पुष्कळांनी फॉर्म भरणाऱ्याला "तुम्हीच काय ते बघा" असे सांगितले आणि त्याने ई-मेल व मोबाइल नंबर स्वतःचाच टाकला. पुढे व्यापाऱ्याला आपल्याच नोंदणीचा पासवर्ड मिळेना. अशा तक्रारी आल्यामुळे जून २०१८ मध्ये केंद्र सरकारला त्यासाठी खास पद्धत जाहीर करावी लागली. व्यापाऱ्याने कागदपत्रे घेऊन आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे जायचे, अधिकारी तपासणी करून नवा ई-मेल व मोबाइल नोंदवतो आणि तात्पुरता पासवर्ड त्या नव्या ई-मेलवर येतो. आपल्या नोंदणीवर कोणाचा ई-मेल आहे हे आजच पाहावे. सल्लागारावर अविश्वास दाखवण्याचा हा प्रश्न नाही. सल्लागार बदलतो, दुकान आपलेच राहते.

हाच घोळ खुद्द ई-मेलच्या खात्यातही असतो. दहा वर्षांपूर्वी ज्या मुलाने खाते काढून दिले, त्याचाच मोबाइल नंबर पासवर्ड परत मिळवण्यासाठी नोंदवलेला असतो. तो मुलगा कुठल्या कुठे गेला, पण त्याने मनात आणले तर आजही आपला पासवर्ड बदलू शकेल. तो नंबर काढून स्वतःचा घालावा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. मग नव्या संगणकावर कोणी पासवर्ड टाकला तरी आपल्या फोनवरून मंजुरी मिळाल्याशिवाय खाते उघडत नाही.

संगणकाचा बंदोबस्त तर फुकटात होतो. विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते काढता येते. मुनीमजी आपल्या पासवर्डने आत जातील, आपण आपल्या. नमाजला किंवा चहाला उठताना विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि एल हे अक्षर एकदम दाबले की पडद्याला कुलूप लागते. ब्राउझर "पासवर्ड लक्षात ठेवू का?" विचारतो तेव्हा सामाईक संगणकावर "नाही" म्हणावे. ज्या विंडोजला पासवर्डच नाही, तिथे असे साठवलेले पासवर्ड वाचायला कोणालाही अडचण पडत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर बसायची वेळ आली तर इन्कॉग्निटो खिडकी वापरावी व काम झाल्यावर बंद करावी. मात्र उतरवून घेतलेली बिले आणि कागद डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये तसेच राहतात, ते आठवणीने पुसावेत.

संशय आला तर? संगणकावर जीमेल उघडल्यावर पानाच्या तळाशी उजवीकडे "डिटेल्स" असा बारीक शब्द दिसतो. तो दाबला की खाते कधी, कुठून उघडले गेले ते कळते आणि बाकी ठिकाणचे खाते तिथूनच बंद करता येते. मग पासवर्ड बदलावा. पण तेवढ्यावर थांबू नये. आपले ई-मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जावेत अशी सोय कोणी करून ठेवली असेल तर ती पासवर्ड बदलल्यानेही तुटत नाही. सेटिंग्जमधले "फॉरवर्डिंग" आणि "फिल्टर्स" हे दोन्ही भाग उघडून अनोळखी पत्ता काढून टाकावा.

नोकरांनाही एक बाजू आहे. हिशेब लिहिणाऱ्या मुलाने दुकानाच्या संगणकावर आपले खाते चुकून उघडे ठेवले, तर शेठने ते वाचत बसू नये. ऑर्डरींसाठी त्याला वेगळा पत्ता काढून द्यावा. बँक आणि जीएसटीचा पत्ता आपल्याकडे ठेवावा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा शेठ आणि नोकर असा फरक करत नाही.

पैसे गेलेच, तर लाजेखातर गप्प बसून वेळ घालवू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी तक्रार पोचली तरच ती रोखून धरता येते. आलेले खोटे ई-मेल रागाने पुसून टाकू नयेत, पोलिसांना तेच लागतात.