परदेशी शाळेतली नोकरी आणि वाटखर्चीचा हिशेब

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या शिक्षकाला दुबई, मस्कत, रियाध असल्या शहरातल्या शाळेचं नेमणूकपत्र आलं की घरात पगारावर बोलणं होतं, राहायच्या जागेवर होतं, मुलांच्या शाळेवर होतं. तिकिटाचा विषय मात्र ‘शाळा देणार आहे’ एवढ्यावर संपतो. शाळा देते हे बहुतेक वेळा खरंच असतं. पण कुठून कुठपर्यंतचं, कधी, किती आणि कोणत्या कागदावर, हे विचारायचं राहून जातं. पुढच्या दोन वर्षांतली पदरमोड तिथे ठरते.

या दोन जिल्ह्यांना लांब जाऊन कमावणं नवं नाही. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या भागांतले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरले आहेत. पण तिथे मालक अनेकदा गावचा किंवा नात्यातला असतो, त्यामुळे जाण्यायेण्याच्या खर्चाचं तोंडी ठरलं तरी निभतं. परदेशातल्या शाळेशी तसं नातं नसतं. तिथे लिहिलेलं तेवढंच मिळतं.

सगळ्यात आधी करारातलं ‘भरतीचं ठिकाण’ पाहा. शाळेची विमानतिकिटाची जबाबदारी या ठिकाणापासून मोजली जाते. तिथे ‘मुंबई’ लिहिलं असेल तर तिकीट मुंबईपासूनचं. मग साताऱ्याहून खंबाटकी ओलांडून मुंबई गाठायचा एसटीचा किंवा गाडीचा खर्च तुमचा. सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईत उतरलात, तर ते भाडंही तुमचंच. सामान जास्त, सोबत मूल लहान, म्हणून सांगलीकर कुटुंब बहुधा गाडीच करतं आणि ती रक्कम लहान नसते. करार सहीला येण्याआधी एवढंच लिहून मागा, की भरतीचं ठिकाण सातारा धरावं किंवा घरापासून विमानतळापर्यंतचा खर्च बिलाप्रमाणे द्यावा. नाही म्हणाले तरी आपला खर्च किती हे आधी कळतं. पुण्याहून किंवा गोव्याहून निघणं सोयीचं पडणार असेल, तर ते विमानतळही चालतील असं ईमेलवर कबूल करून घ्या. नंतर सांगितलं तर मुंबईच्या भाड्याइतकेच पैसे मिळतील, वरचा फरक तुम्ही भराल.

पैसे देण्याच्या रीती तीन. शाळा स्वतः तिकीट काढून पाठवते, ही सगळ्यात चांगली. दुसऱ्या रीतीत तुम्ही तिकीट काढायचं आणि रुजू झाल्यावर बिल द्यायचं. काही शाळा हे पैसे पहिल्या पगारात देतात, काही उमेदवारीचा काळ संपल्यावर. संयुक्त अरब अमिरातीत हा काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असू शकतो, म्हणजे घरातले दागिने बँकेत ठेवून काढलेल्या तिकिटावर सहा महिने व्याज चढू शकतं. म्हणून परतफेडीची मुदत लिहून घेणं हा तुमचा हक्क समजा, ती मागताना संकोच नको. तिसरी रीत तिकिटाऐवजी ठरावीक रोख रक्कम. ती सोपी वाटते, पण सुट्टीत भाडी चढतात तेव्हा तोकडी पडते.

इथे एक आकडा मांडून पाहू. समजा, वार्षिक सुट्टीच्या तिकिटाची मर्यादा १,५०० दिरहम आहे. आखाती शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हाच सगळे घरी निघतात. तिकीट २,१०० दिरहमला मिळालं, तर ६०० दिरहम तुमचे. नवरा-बायको आणि दोन मुलं असतील आणि करारात फक्त शिक्षकाचं तिकीट असेल, तर बाकी तिघांचं संपूर्ण भाडंही तुमच्यावर. म्हणून ‘कुटुंबासह’ या शब्दावर थांबू नका. किती जण, मुलांचं वय किती, दरवर्षी की दोन वर्षांनी, हे वाचा. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की दिरहमही महागतो. तिकीट रुपयांत काढून पैसे दिरहममध्ये मिळणार असतील, तर कोणत्या तारखेचा दर लावणार ते विचारा.

कायदा काय देतो, हे वेगळं ठेवून पाहायला हवं. अमिरातीच्या २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा आणि नेमणुकीचा खर्च नोकरी देणाऱ्याने कर्मचाऱ्याकडून घ्यायचा नाही, थेट नाही आणि आडवळणाने नाही. करार संपल्यावर भरतीच्या ठिकाणी परत पाठवण्याचा खर्चही त्याचाच, मात्र कर्मचारी दुसरीकडे रुजू झाला किंवा नोकरी त्याच्यामुळे संपली तर नाही. सौदी कायद्याचं ४० वं कलम भरती, निवास परवाना, काम परवाना आणि संबंध संपल्यावर मायदेशी परतण्याचं तिकीट नोकरी देणाऱ्यावर टाकतं. दरवर्षीचं सुट्टीचं तिकीट मात्र अमिरातीत कायद्याने मिळत नाही, ते करारातून मिळतं. अमिरातीचं कामगार मंत्रालय नोकरीचा प्रस्ताव हिंदीतही दाखवतं. तो आणि शाळेने ईमेलवर पाठवलेलं पत्र शेजारी ठेवून वाचा. तिकिटाचं वाक्य दोन्हींत सारखं हवं.

‘वर्षाच्या आत गेलात तर तिकिटाचे पैसे परत करा’ असं कलम आलं तर सही करण्याआधी थांबा. अमिरातीत उमेदवारीच्या काळात दुसऱ्या मालकाकडे जाणाऱ्याने महिन्याची लेखी सूचना द्यायची, आणि वेगळं ठरलेलं नसेल तर पहिल्या शाळेचा भरतीखर्च नवा मालक भरून देतो. कायद्यातली ही तरतूद माहीत असलेला शिक्षक बोलणी करताना दबत नाही.

प्रवासाआधीचाही खर्च असतो. शिवाजी विद्यापीठाची बी.एड.ची पदवी परदेशात चालावी म्हणून साक्षांकन लागतं. आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. ओमान, बहरीन आणि सौदी अरेबिया अपोस्टिलच्या, म्हणजे एकमेकांचा एकच शिक्का मान्य करण्याच्या, करारात आहेत, तिथे मंत्रालयाच्या अपोस्टिलवर काम भागतं. अमिरात, कुवेत आणि कतारसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो आणि खर्च वाढतो. पोलीस पडताळणीचा दाखला, वैद्यकीय तपासणी, भाषांतर यांच्या पावत्या वेगळ्या पाकिटात ठेवा. शाळा देणार असली तरी पावती नसेल तर देत नाही.

मध्ये एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा परवाना पाहा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटीपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही आणि पावती द्यावीच लागते. ‘तिकिटासह’ म्हणून एकरकमी मोठा आकडा सांगणाऱ्याकडून तिकीट कोण काढणार ते लिहून घ्या, नाहीतर त्याच तिकिटाचे पैसे तुम्ही एकदा आणि शाळा दुसऱ्यांदा भरेल.

बिल देताना तिकीट तुमच्या नावावर हवं. ई-तिकीट, कर दाखवणारं बिल, बँकेतून पैसे गेल्याची नोंद आणि बोर्डिंग पास, हे चार कागद एकत्र द्या. विमानात बसल्यावर बोर्डिंग पास फेकू नका, मोबाइलवर असेल तर स्क्रीनशॉट घ्या. एजंटने बिलावर स्वतःचं शुल्क मिसळलं असेल तर वेगळं मांडून मागा, कारण लेखा विभाग तेवढी रक्कम कापतो. अर्ज ईमेलने पाठवा, पोचपावती ठेवा आणि ठरलेली तारीख उलटली की त्याच ईमेलखाली लिहा.

नोकरी सोडताना हे सगळं पुन्हा एकदा येतं. अमिरातीत करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी द्यायची असतात. अंतिम हिशेबाच्या कागदावर ‘काहीही येणे नाही’ असं लिहिलेलं असतं. परतीचं तिकीट किंवा त्याची रक्कम हातात पडेपर्यंत त्यावर सही करू नका. टाळाटाळ झाली तर तिथल्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते, आणि भारत सरकारच्या ‘मदद’ संकेतस्थळावर भारतीय दूतावासाच्या नावे तक्रार नोंदवता येते. दोन्हीकडे करार, तिकीट आणि ईमेल यांच्या प्रती लागतात. त्यांचा एक संच निघताना साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या घरी ठेवून जा.