कॉपी: मुलाची आणि मुलीची

मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत. गिऱ्हाईक आधी एक बोर चाखते, मग पैसे देते. बोर वरून लाल आणि आत किडके निघाले, तर गिऱ्हाईक त्या टोपलीकडे पुन्हा फिरकत नाही.

परीक्षा म्हणजेही चाखून पाहणेच. दहावीच्या परीक्षेत मुलाला काय येते, ते कळते. पण मुलाने चिठ्ठी लपवून नेली, शेजाऱ्याचे पाहून लिहिले, तर खरे काही कळत नाही. यालाच आपण कॉपी म्हणतो.

कॉपी हा गुन्हा आहे. आपल्या राज्यात १९८२ साली तसा कायदा झाला. २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीविरुद्ध मोठी मोहीम चालवली. पुढे राज्यभर कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम सुरू झाली.

आता एक प्रश्न. कॉपीबद्दल मुलगे आणि मुली यांचे मत एकच असते का?

अमेरिकेत बर्नार्ड व्हिटली आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९९ साली यावरच्या अनेक पाहण्या एकत्र करून तपासल्या. त्यांत बहुतेक कॉलेजची मुले होती. असे दिसले की 'कॉपी वाईट' असे मुली जास्त ठामपणे म्हणतात. मुलगे त्याकडे जरा सैलपणे पाहतात. पण प्रत्यक्ष कॉपी करण्यात दोघांमधला फरक फारच थोडा निघाला. म्हणजे बोलण्यात अंतर मोठे, करण्यात लहान.

असे का होत असेल? आपण आपल्याच घरात डोकावून पाहू.

मुलगा कॉपी करून पास झाला, तर कुणी हसून म्हणते, "पोरगं लई हुशार!" मुलगी पकडली गेली, तर तेच लोक म्हणतात, "घराचं नाक कापलं." मुलगा नापास झाला, तर "पुढच्या वेळी बस" म्हणतात. मुलगी नापास झाली, तर पुष्कळ घरांत म्हणतात, "पुरे झाली शाळा. आता स्थळ बघा."

मग मुलगी दोन्हीकडून घाबरते. पकडले जाण्याची भीती आणि नापास होण्याचीही भीती. ती 'कॉपी वाईट' म्हणते ते खरेच. पण शाळाच सुटेल असे वाटले, तर तिचाही हात चिठ्ठीकडे जातो. नुसती भीती म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. पहारा उठला की भीतीही उठते. आणि मुलाला तर आपणच हसून कॉपी शिकवतो.

२०२५ साली राज्यात दहावीला शंभरातल्या सुमारे ९६ मुली आणि ९२ मुलगे पास झाले. यावरून कोण जास्त खरे, ते ठरत नाही. पण मुली मन लावून शिकतात, हे मात्र दिसते. त्यांना अभ्यासाला वेळ मिळाला पाहिजे. धुणी-भांडी, पाणी भरणे ही कामे परीक्षेच्या दिवसांत भावानेही करावीत.

आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, मुलगा आणि मुलगी दोघांना एकच नियम सांगा. एकाची कॉपी हुशारी आणि दुसरीची बदनामी, असे करू नका.

दुसरी गोष्ट, नापास होणे म्हणजे जग बुडणे नव्हे. त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते. "नापास झालीस तरी शाळा सुटणार नाही," असे मुलीला परीक्षेच्या आधीच सांगा.

तिसरी गोष्ट, परीक्षेच्या दिवशी शाळेच्या खिडकीशी जाऊ नका. काही ठिकाणी मोठी माणसेच चिठ्ठ्या पोचवतात. मग पोरांनी शिकावे तरी काय?

ओला कापूस काट्यावर जड भरतो. पण व्यापारी एकदाच फसतो. पुढे त्या घरचा सुका कापूसही तो संशयाने हाताळतो. चिठ्ठीने मिळालेल्या मार्कांचे तसेच होते. कामावर गेल्यावर साधा हिशेब आला नाही, की सारे उघडे पडते.

तुमच्या घरात दहावीचे पोर असेल, तर आज जेवताना ही गोष्ट काढा. मुलगा आणि मुलगी दोघांना जवळ बसवा. आधी त्यांचे मत ऐकून घ्या, मग आपले सांगा.