मुलीचं हटके नाव ठरलं? जन्मदाखल्यावर चढवण्याआधी हे वाचा

मंठा (जि. जालना) : बारसं बाराव्या दिवशी, पण नावाचा शोध मोबाइलवर कितीतरी आधीच सुरू झालेला असतो. 'वर्गात त्या नावाची दुसरी कुणी नको' ही आई-बाबांची अट असते. मात्र नाव जितकं वेगळं, तितकं ते कागदावर चुकण्याची शक्यता जास्त. ती चूक पुढे दहावीचा फॉर्म भरताना किंवा पासपोर्ट काढताना मुलीलाच निस्तरावी लागते.

वेगळी, तरी आपल्या मातीतली नावं

• ओवी : जात्यावर बायकांनी पिढ्यानपिढ्या गायलेला छंद.
• पूर्णा : जालना जिल्ह्यातून वाहणारी नदी.
• जनाई : शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईंची आठवण.
• मुक्ता : संत मुक्ताबाई, तसंच १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिणारी फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे.
• ऋजुता : सरळपणा.
• ज्ञानदा : ज्ञान देणारी.

स्पेलिंगचा घोळ कुठे होतो?

मराठीत 'ज्ञ' साठी इंग्रजीत 'डी-एन-वाय-ए' लिहितात, हिंदी वळणानं 'जी-वाय-ए'. 'ऋ' चं कुणी 'आर-यू' करतं, कुणी 'आर-आय'. 'सई' आणि 'साई' यांचं इंग्रजी स्पेलिंग तर अनेकदा एकच, 'एस-ए-आय'. त्यामुळे इंग्रजीवरून पुन्हा मराठीत लिहिताना सईची साई होऊ शकते. उपाय सोपा आहे. दोन्ही लिपींतलं नाव आधीच कागदावर लिहून द्या आणि दाखला हातात पडताच अक्षरन् अक्षर तपासा.

नोंद कुठे करायची?

जन्म जिथे झाला, तिथेच. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल किंवा मंठ्याऐवजी जालन्याच्या दवाखान्यात झालं असेल, तर नोंद तिथलीच होते. सासरच्या गावात नाही. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ती माहिती दवाखानाच कळवतो.

नाव ठरलंच नसेल तर?

घाई करू नका. नावाशिवायही जन्माची नोंद होते. नोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क टाकता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण इतकं थांबणं परवडणारं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

नंतर बदलायचं म्हटलं तर?

नोंदीतली लेखनाची चूक निबंधक पुरावे पाहून दुरुस्त करू शकतात. अख्खं नाव बदलायचं तर मोठेपणी साधारणपणे राजपत्राचा मार्ग धरावा लागतो. 'आधार'वर नाव बदलण्याची संधी आयुष्यात फक्त दोनदा मिळते.

आईचं नावही येणार

राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. म्हणून आईच्या नावाचं स्पेलिंगही सगळीकडे एकसारखं हवं.

नाव म्हणजे नुसता कागद नाही

मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून राज्यात अनेकींची नावं 'नकोशी', 'नकुसा' अशी ठेवली गेली. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. नव्या नावाचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात पडलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. नाव दुर्मीळ असो वा साधं, शाळेत हजेरी घेताना मुलीला 'हजर' म्हणायला आनंद वाटावा, एवढं त्यात असलंच पाहिजे.