निसर्ग हे नेपथ्य नव्हे

अ‍ॅनिमेशनपट म्हणजे मुलांची करमणूक, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचे चित्रपट हा समज खोटा ठरवतात. त्यांत डोंगर, नदी आणि रान ही केवळ पार्श्वभूमी नसून, आपला हक्क सांगणारी पात्रे असतात.

‘स्पिरिटेड अवे’ (२००१) या चित्रपटात घरे बांधण्यासाठी बुजवलेल्या नदीचा देव आपले नावच विसरलेला आहे. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) मध्ये लोखंडासाठी जंगल तोडणारी एबोशी ही खलनायिका नव्हे. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना व रोग्यांना ती काम आणि मान देते. तेथील संघर्ष सुष्ट-दुष्टांचा नसून पोट आणि रान यांचा आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात हाच संघर्ष पाण्यावरून चालू आहे. पाऊस बेभरवशाचा, खाली काळा खडक. तरीही उसासाठी शेतकरी बोअरमागून बोअर घेतो. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु बाजारात उसाला भाव आहे, भूजलाला नाही. एकाने उपसलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून वजा होते; हा खर्च मात्र कोणाच्याच वहीत चढत नाही.

निसर्गाचा हक्क मान्य करण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असे नव्हे. येडशीजवळील रामलिंग येथे जटायूने प्राण सोडला, अशी लोकश्रद्धा आहे. तेथील रान आज अभयारण्य असून डिसेंबर २०२४ मध्ये दूरच्या टिपेश्वरहून आलेला वाघ तेथे आढळला. प्रश्न आहे तो हा आदर देवस्थानाच्या सीमेबाहेर, शिवारापर्यंत नेण्याचा.

नुसती भावना त्यास पुरेशी नाही. ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) या चित्रपटाशी नाते सांगणाऱ्या, टोकियोलगतच्या सायामा टेकड्यांसाठी तेथील नागरिकांनी १९९० साली निधी उभारला आणि १९९१ पासून जमिनीचे तुकडे विकत घेऊन रान राखले. आपल्याकडे हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवण्याचा पायंडा पाडला. आपल्या जिल्ह्यातील ग्रामसभांनीही पेरणीपूर्वी असा ताळेबंद मांडावा. त्याचबरोबर कमी पाण्याच्या डाळी व तेलबियांना खात्रीची खरेदी शासनाने द्यावी. अन्यथा संयमाची किंमत एकट्या शेतकऱ्यालाच मोजावी लागेल, आणि ती तो मोजणार नाही.