बोटांनी बघायचं पिल्लू

दौंड तालुक्यातलं यवत म्हटलं की मराठी माणसाला तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम आणि वारकऱ्यांच्या पंगतीतलं पिठलं-भाकरी आठवतं. गावचा देव काळभैरवनाथ, आणि भैरवाचं वाहन कुत्रं. जवळच्याच जेजुरीतही खंडोबाच्या सोबतीला कुत्रं आहेच. म्हणजे या मुलखात कुत्रं परकं कधीच नव्हतं. पण ते गोठ्यापाशी वाढलेलं, आखूड केसांचं, अंगावरचं हाडन्‌हाड दुरून मोजता येईल असं गावठी कुत्रं. आता महामार्गालगतच्या बंगल्यांत आणि वस्त्यांवरच्या घरांतही पामेरियन, शिह त्झू, ल्हासा अशी झुबकेदार केसांची पिल्लं येतात. ती लाडानं वाढवली जातात, पण बघण्याची रीत मात्र जुन्या कुत्र्याचीच राहते: लांबून नजर टाकायची, पळतंय ना, खातंय ना, मग ठीक आहे. माझं म्हणणं एवढंच, की या पिल्लाच्या बाबतीत नजर फसवते. त्याचा केशसंभार हा पडदा आहे. म्हणून पहिल्या वर्षाचं खरं काम खाऊपिऊ घालण्याइतकंच महत्त्वाचं दुसरंही आहे: पिल्लानं अंगाला हात लावू द्यायला शिकणं आणि माणसानं बोटांनी बघायला शिकणं.

पडदा काय काय झाकतो ते पाहा. रोडावलेलं पिल्लू केसांमुळे गुबगुबीत दिसतं. बरगड्या बोटांना हलक्याशा दाबानं लागल्या पाहिजेत. नुसत्या टोचत असतील तर ते उपाशी आहे आणि शोधूनही सापडत नसतील तर लठ्ठ. कानामागचा, काखेतला, शेपटीखालचा गुंता वरून दिसतच नाही. ब्रश वरवर फिरवला की वरचे केस चमकतात आणि मुळाशी नमद्यासारखा थर घट्ट होत जातो. त्याखालची कातडी ओढली जाते, घाम नव्हे पण ओल साचते आणि चट्टे उठतात. गुंता सोडवण्याआधी अंघोळ घातली तर तो आणखी आवळतो. आधी कंगवा मुळापर्यंत, मग पाणी, मग पूर्ण कोरडं करणं, हाच क्रम. त्यातच पहिल्या वर्षात केस बदलतात. पामेरियनचं पिल्लू साधारण चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान पिसं झडलेल्या कोंबडीसारखं विरळ दिसू लागतं. हा बहुतेकदा आजार नसतो. शिह त्झूचे मोठेपणीचे केस वर्ष पुरं होत आलं की येतात आणि तेव्हा रोज कंगवा लागतो.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तिथं केस ठेवायचेच कशाला, मशीन फिरवा. हे अर्धं खरं आहे. शिह त्झूचे केस माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात, ते आखूड ठेवणं शहाणपणाचंच. पामेरियनचं तसं नाही. त्याला दोन थर असतात: वर राठ, लांब केस आणि आत मऊ लोकर. तो कातडीपर्यंत भादरला तर वरचे केस कित्येकदा महिनोन्‌महिने परत येत नाहीत आणि उघडी कातडी उन्हाला सापडते. सुटी झालेली लोकर विंचरून काढली की वारा आत पोचतो. शिवाय कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकून. म्हणून चपट्या नाकाच्या शिह त्झूला उन्हाचा धोका पामेरियनहून जास्त, केस कितीही कापले तरी. फिरवणं पहाटे आणि दिवे लागल्यावर. हाताची पालथी बाजू ज्या डांबरावर पाच सेकंद टिकत नाही, त्यावर त्याचे पंजेही नकोत.

दौंड तालुक्यात हे बोटांचं बघणं का तातडीचं, याचं सगळ्यात मोठं कारण गोचीड. घराला लागून गोठा असला की दोष गाईंवर जातो. पण कुत्र्यावर प्रामुख्यानं दिसणारी तपकिरी गोचीड ही गाईच्या नेहमीच्या गोचिडीहून वेगळी जात आहे. ती भिंतीच्या भेगांत, पायरीच्या सांध्यात, पिल्लाच्या पोत्याखाली अंडी घालते. म्हणजे गोठा फवारून कुत्र्याची गोचीड जात नाही. भेगा बुजवाव्या लागतात आणि अंथरूण उन्हात टाकावं लागतं. ही गोचीड तापाचे जंतू सोडते, ज्यात पिल्लू मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. कानाच्या आत, गळ्याखाली, बोटांच्या बेचक्यांत रोज चाचपलं तर ती मोहरीएवढी असतानाच सापडते. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावू नये. आणि गाईचं गोचिडाचं औषध पिल्लावर मुळीच ओतू नये. चारशे किलोच्या गाईचा हिशेब अडीच किलोच्या जिवाला लावणं म्हणजे विष घालणं आहे. औषध वजनावर आणि वयावर ठरतं, ते पशुवैद्यकानंच सांगायचं. पावसाळ्यानंतर बांधावरचं कुसळ आणि गोखरूही याच केसांत शिरतं. कुसळ तर कातडी भेदून आत सरकत जातं.

आता प्रश्न येतो, हे सगळं पिल्लू करू देईल का? इथं वयाचं गणित निर्णायक आहे. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अनेक वर्षं पिल्लांचं निरीक्षण करून १९६५ मध्ये मांडलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे सहज अनुभवतं ते पुढं आयुष्यभर आपलं मानतं. भारतात कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग आपल्या हाती उरतात जेमतेम चार आठवडे. या दिवसांत रोज दोन-तीन मिनिटं पंजा धरायचा, ओठ उचलून दात पाहायचे, कान उलटायचा, कंगवा टेकवायचा आणि लगेच दाणाभर खाऊ द्यायचा. पिल्लू सुटायला धडपडण्याआधीच थांबायचं. मोठेपणी चौघांनी दाबून धरून कापावे लागणारे केस हे बहुतेक वेळा या न केलेल्या मिनिटांचं फळ असतं.

लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढू नका, असं सांगणारे चुकीचं बोलत नाहीत. पार्व्हो हा विषाणू पिल्लांचा जीव घेतो. सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत डोस द्यावे लागतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते आणि ती नेमकी कधी ओसरते हे ठरलेलं नसतं. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. पण जमिनीवर न सोडणं वेगळं आणि जग न दाखवणं वेगळं. कडेवर घेऊन ट्रॅक्टरचा आवाज, स्टेशनातली गाडी, म्हातारी, शाळकरी पोरं, लस घेतलेलं शांत कुत्रं, हे सगळं दाखवता येतं. ज्येष्ठ वद्यात पालखीबरोबर टाळ-मृदंगाच्या गजरात हजारो माणसं गावात उतरतात, तेव्हा ज्याचे कान आधी सरावलेत ते पिल्लू कोपऱ्यात थरथरत बसत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. एवढ्याशा पिल्लाच्या रक्तातली साखर उपासानं झपाट्यानं उतरते, म्हणून दिवसाला तीन-चार वेळा थोडंथोडं. यवतच्या पिठल्यातला कांदा-लसूण मात्र कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि फराळातले बेदाणे आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात.

सगळ्यात गंभीर आक्षेप असा, की हे कुत्रं या मातीचं नाहीच. गावठी पिल्लू आणा. मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. ज्याला राखणीला कुत्रं हवंय आणि ज्याचं घर उसाला लागून आहे, त्यानं हे पिल्लू आणू नये. अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा सगळ्यात मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचाच निघाला. शिरूर-दौंडच्या उसातही बिबट्या आहेच, आणि रात्री ओसरीवर बांधलेलं चार किलोचं कुत्रं त्याला आयतं सापडतं. पण पिल्लं येतच आहेत, आणि आलेलं पिल्लू दहा-बारा वर्षं जगणार आहे. ते घरात झोपेल, आणि त्याला गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा असेल, कारण या जातींची श्वासनलिका नाजूक असते, एवढं तरी करता येतं.

आणायचं असेल तर दिवाळीत आणू नये. नव्या घरातला पहिलाच आठवडा फटाक्यांत गेला तर कानांना लागलेली धास्ती सहज निघत नाही. तुळशीची लग्नं उरकू द्यावीत, त्रिपुरी पौर्णिमा जाऊ द्यावी. तेव्हा आठ आठवड्यांचं आणलेलं पिल्लू ऐन मेच्या उन्हात साधारण आठ महिन्यांचं असेल, केस बदलत असतील, आणि दुधाचे सुळे पडले की नव्यांशेजारी तसेच अडकून राहिलेत, हे ओठ उचलून बघायची वेळ तोवर आलेली असेल.