धान कापलं की पडदा उघडतो

ऑगस्टमध्ये पुण्यात कॉलेजची नाटकवाली पोरं ओळखू येतात. डोळ्यांत झोप, हातात भिजलेली संहिता आणि डोक्यात फक्त 'पुरुषोत्तम'. भर पावसात त्यांचा सीझन रंगतो. भंडाऱ्याकडच्या नाटकवाल्यांचं उलटं आहे. पाऊस थांबायला हवा, धान कापून व्हायला हवं, बांधी मोकळी व्हायला हवी. मगच त्यांच्या तोंडाला रंग लागतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग म्हणजे झाडीपट्टी. तुम्ही इकडचे असाल तर दिवाळीच्या सुट्टीत हे वातावरण पाहिलं असेलच. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई सुरू होते, आणि पाठोपाठ नाटकं. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे जमलेले. 'आमच्या गावी नाटक पाहाले या जी' हे आमंत्रण लग्नपत्रिकेइतकं मनावर घेतलं जातं.

तुमच्या-माझ्यासाठी हवामान म्हणजे मोबाइलवरचं ढगाचं चित्र. रेनकोट घ्यायचा की नाही, ट्रॅफिक लागेल की नाही, एवढाच प्रश्न. झाडीपट्टीच्या कलाकाराचा अख्खा हिशेब त्या ढगावर असतो. जूनमध्ये परहे टाकले जातात, पुढे रोवणी होते. पाऊस लांबला तर रोवणी लांबते, मग कापणी लांबते आणि नाटकाची तारीखही. कारण सोपं आहे. गावातलं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घेतं आणि तिकिटं विकून ती वसूल करतं. आता धानच घरात आलं नाही, तर तिकीट कोण काढणार?

त्यात नोव्हेंबर-डिसेंबरचा अवकाळी पाऊस. शेतातले पुंजणे भिजतात आणि मंडपाखाली चिखल होतो. एकाच सरीत शेतकऱ्याचंही नुकसान, कलाकाराचंही. अनेकदा ही दोन माणसं वेगळी नसतातच. उरलेले महिने शेती किंवा मजुरी करणारे कितीतरी जण इथे रात्री राजा, खलनायक नाहीतर विनोदवीर होतात. कमाईचा काळ दिवाळी ते साधारण होळी. त्यातली एक रात्र बुडाली की त्या रात्रीचे पैसेही बुडाले.

या सीझनमधला प्रवासही भन्नाट असतो. आज लाखांदूर तालुक्यात प्रयोग, उद्या गडचिरोलीकडच्या एखाद्या गावात. नाटक रात्री दहाच्या आसपास सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. पूर्वी दमण्या-बैलगाड्या जुंपून आलेला प्रेक्षक मध्यरात्री परत जाणार तरी कसा? उजाडल्यावर सामान गाडीत भरायचं आणि गाडीतच झोपायचं. रोज नवं गाव, कधी कधी नाटकही नवं. तालमीला वेळ कमी, म्हणून प्रॉम्प्टर हा इथला खरा आधार. एका एकांकिकेसाठी दोन महिने तालीम करणाऱ्या तुमच्या ग्रुपमधल्या कुणालाही एकदा या स्टेजवर उभं करा. थंडीने दात वाजतायत, समोर हजारोंचा जमाव, साथीला लाइव्ह संगीत आणि पाठांतर मात्र अर्धंच. घाम फुटेल!

या सगळ्याचं शहर कोणतं? मुंबई नाही, नागपूरही नाही. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. नाटक कंपन्यांची ऑफिसं, त्यांचे बोर्ड, बुकिंगला आलेली गावोगावची मंडळं हे सगळं इथे दिसतं. नागपूर, पुणे, मुंबईचे कलाकारही सीझनला इकडे येतात. आपण गाव सोडून शहराकडे निघतो, तेव्हा शहरातला कलाकार काम शोधत गावाकडे येत असतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या रंगभूमीची दखल बाहेरही घेतली गेली आहे. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा सिनेमा याच विषयावर आला. पण पुरस्काराने आणि सिनेमाने रात्रीचा मंडप भरत नाही. तो तिकीट काढून बसलेल्या माणसांनी भरतो.

तेव्हा या हिवाळ्यात प्लॅन करा. भंडाऱ्याहून महामार्गाने साकोली, तिथून लाखांदूरचा रस्ता, पुढे वडसा. वाटेत भिंतींवर, चौकात नाटकांची पोस्टर्स दिसतील, त्यातलं एक निवडा. स्वेटर आणि जाड चादर घ्या, दुसऱ्या दिवशी लेक्चर असेल तर त्याचा नाद सोडा. मोबाइलवर रील काढून अर्ध्यातून उठू नका, पहाटेपर्यंत बसा. आणि ओळखीच्या कुणाचा तरी पास मागण्याऐवजी तिकीट काढा. यंदा पाऊस कसा झाला, हे त्या मंडपातल्या गर्दीवरून तुम्हालाही कळेल.