मागच्या दाराने न गेलेली ॲन लो



आपल्या वस्त्यांतून कितीतरी माता-भगिनी शिलाई मशीनवर संसाराचा गाडा ओढीत आहेत. शिवलेल्या कपड्याचे कौतुक होते. शिवणारीचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय भगिनीची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

ॲन लो हिचा जन्म १८९८ साली अलाबामा राज्यात झाला. आजी गुलामगिरीत जन्मलेली. आजी आणि आई दोघीही शिवणकामात निष्णात. त्यांच्याजवळ बसून लहानगी ॲन चिंध्यांची फुले करी. १९१७ साली ती न्यूयॉर्कच्या शिवणशाळेत गेली. गोऱ्या विद्यार्थिनींनी शेजारी बसण्यास नकार दिला, तेव्हा तिला वेगळ्या खोलीत बसविण्यात आले. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेले बाल भीमराव येथे कोणाला आठवणार नाहीत? देश वेगळा, पण रोग तोच! पुढे तिचेच काम वर्गाला नमुना म्हणून दाखविले जाऊ लागले.

१२ सप्टेंबर १९५३ रोजी जॉन केनेडी यांचा जॅकलिनशी विवाह झाला. वधूचा पोशाख ॲनचा होता. त्याला ५० यार्ड रेशमी कापड लागले. लग्नाला जेमतेम दहा दिवस उरले असता दुकानात पाणी शिरले आणि वधूचा पोशाख व करवल्यांचे बरेच कपडे नासले. तिने नवे कापड आणले, रात्रंदिवस राबून सारे पुन्हा शिवले. नफा राहिला दूरच, पदरमोड झाली. पण वधूपक्षाला तिने त्याचा पत्ता लागू दिला नाही. पोशाख पोहोचविताना तिला नोकरांच्या दाराने यावयास सांगितले. "पुढच्या दाराने येऊ देत नसाल तर कपडे परत नेते," असे तिने बजावल्याचे सांगतात. ती पुढच्याच दाराने आत गेली.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी पोशाखाचे रकानेच्या रकाने वर्णन केले. बहुतेकांनी तिचे नाव मात्र छापले नाही. धनिक गिऱ्हाइकांकडून ती फार कमी दर घेई. अखेर कराच्या थकबाकीपायी दुकान बंद पडले, एक डोळाही गेला. १९८१ साली तिचे निधन झाले.

मात्र सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात डेलावेअर राज्यातील विंटरथर संग्रहालयाने तिच्या आयुष्यभराच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरविले. सुमारे ४० पोशाख मांडले होते. केनेडी विवाहाचा मूळ पोशाख आता फार नाजूक झाला असल्याने त्याची हुबेहूब प्रतिकृती शिवून ठेवली होती. प्रदर्शनाच्या नावातच तिचे नाव होते: ॲन लो.

सत्तर वर्षे लागली! भगिनींनो, आपण इतकी वाट का पाहावी? दुकानाच्या पाटीवर स्वतःचे नाव घाला. शिलाईचा दर ताठ मानेने सांगा. गोड बोलून कोणी दर पाडू लागले, तर ॲनचे बंद पडलेले दुकान आठवा. आणि मागचे दार कोणी दाखविलेच, तर तिचे उत्तरही आठवा.

जय भीम!